सोफा बी कम, पलंग बी कम

विनोदनं नांदेडहून जी वस्तू टेम्पोत घालून लातूरला आणली, तिचं नाव त्यानं आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. ‘सोफा कम बंक बेड.’ धुरपताबाईनं दरवेळी ऐकून घेतलं आणि शेवटी शांतपणे विचारलं, “कम म्हणजे कमी न्हवं का रं? आमच्या बापाच्या काळी गावचं दप्तर उर्दूत असायचं, म्हणून इचारते.”

“तसं नाही माय. हा इंग्रजीतला कम. म्हणजे सोफा पण आणि बेड पण. दोन्ही.”

“दोन्ही कुठलं? मला तर सोफा बी कम दिसून राहिला, आन पलंग बी कम.”

सूनबाई बुद्धप्रियाला हे लागलं. कारण वस्तू तिच्या माहेरच्या गावची होती, तिच्या भावाच्या, अश्वजितच्या घरी तशीच होती, आणि अश्वजितनं केलेलं काहीही लातूरच्या घरात व्हायलाच लागे. तिनं सासूला नीट समजावलं, “आत्या, दिवसा बसायला होतं. रात्री पाठ वर उचलायची की दोन मजली पलंग. खाली तुम्ही, वर लुंबिनी. जागेची किती बचत!”

जागेची बचत व्हावी म्हणून आधी धुरपताबाईचं तख्तपोस घराबाहेर गेलं. तिच्या नवऱ्यानं, मारोतीनं, इस्लापूरच्या बाजूचं सागवान आणून करवून घेतलेलं ते तख्तपोस. त्याच्यावर निजलं, बसलं, पापड वाळवले, लेकरांना न्हाऊ घातलं, पण ते कधी दुसरं काही झालं नाही. सकाळी तख्तपोस, संध्याकाळी तख्तपोस. ते आता खालच्या वॉचमनकडं होतं आणि तो त्यावर राजासारखा पसरायचा. धुरपताबाई जिन्यातून येता-जाता त्याच्याकडं बघायची आणि मनात म्हणायची, ह्याला कळली किंमत.

लहानपणी तिच्या गावात रायरंद यायचा, बहुरूपी. सकाळी पोलीस होऊन दारात उभा, दुपारी बाई होऊन, संध्याकाळी गोसावी. पोरं मागं पळायची. पण रायरंदाला कुणी घरात ठेवून घेत नसे. पसाभर जोंधळे घालून वाटेला लावत. विनोदनं मात्र रायरंद घरात आणून मधल्या भिंतीला टेकवला होता. आणि त्याची वरची फळी उचलली की तसबिरी झाकल्या जायला लागल्या, म्हणून बुद्ध आणि बाबासाहेब समोरच्या भिंतीवर गेले, टीव्ही कोपऱ्यात गेला आणि पाण्याचा माठ स्वयंपाकघरात लुंबिनीच्या पुस्तकांच्या जागेवर जाऊन बसला. बचत झाली ती ही.

विनोदची लेक लुंबिनी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जायची. ती वर निजायची, आणि पंखा इतका जवळ की उठून बसायची सोय नव्हती. पोर आडवी होऊनच वेणी सोडायची. खाली धुरपताबाई. कूस बदलली की वरून ‘आजी, हलू नको ना’, आणि वर पोर हलली की खाली सगळा सांगाडा कुरकुरे. दोघींनी मिळून झोपेत मेल्यासारखं पडून राहायची सवय केली.

आणि विनोद? विनोदला ती वस्तू वापरायची नव्हतीच. त्याला ती दाखवायची होती. शेजारी आला, दाखव. दूधवाला आला, दाखव. एक बोट खटक्यावर ठेवायचं, दुसऱ्या हातानं पाठ उचलायची, खळ्ळकन आवाज, की “बघा! एक मिनिटात!” मग परत मिटवायची. गारुडीसुद्धा दिवसातून इतक्यांदा साप काढत नसेल.

हे सगळं धुरपताबाईनं सोसलं असतं. म्हातारपणी माणूस पोराच्या घरातल्या पुष्कळ गोष्टींना ‘हाव हाव’ म्हणतंच. पण दिवाळीच्या आधी गावाकडून विठाबाईचा फोन आला.

विठाबाई रेणापूर तालुक्यातली, धुरपताबाईच्या सासरच्या गावची. तिचं घर शेतकऱ्याचं, पाटीलकीच्या रुबाबाचं. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन लातूरला ठरलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, नंतर धूळ-धूर चालणार नाही. आणि गावात तेव्हा सोयाबीनची मळणी. मशीन सुरू झालं की भुशाचा असा लोट उठतो की धडधाकट डोळ्याचं माणूस आंधळं व्हावं. पोरगा हणमंतराव रानात गुंतलेला, सून रानात. जायचं कुठं?

“माझ्याकडं,” धुरपताबाई फोनवर म्हणाली. “डोळा दाखवून हूस्तवर ऱ्हायाचं. दुसरी गोष्ट काढू नको.”

ती असं बोलली त्याला कारण होतं. भूकंपाच्या साली गावंच्या गावं घराबाहेर निजत होती. ज्या विठाबाईच्या ओसरीवर धुरपताबाई तोवर कधी टेकली नव्हती, तिनं आपल्या खळ्यावर वाकळ अंथरून हाक मारली होती, “धुरपता, लेकरं घिऊन हिकडं ये. हितं भिंत न्हाई, अंगावर पडायला काही न्हाई.” आधी विठाबाईची सासूच ओरडली होती, पण विठाबाईनं ऐकलं नाही. आठेक दिवसांनी, फार झालं म्हणून धुरपताबाई माहेरी निघाली तर गाठोडं सापडेना. सगळं खळं पालथं घातलं. गाठोडं विठाबाईनं कडब्याच्या गंजीत दडवलेलं. पाहुण्याला जाऊ द्यायचं नसलं की त्याची पिशवी दडवायची, ही तिकडची रीत. पाहुण्यानं शोधल्यासारखं करायचं, घरच्यांनी ‘आम्हाला काय म्हाईत’ म्हणायचं आणि मुक्काम वाढायचा. पण धुरपताबाईच्या घराण्यातल्या कुणाची पिशवी त्या घरानं दडवावी, हे गावात पहिल्यांदा झालं होतं.

विनोदला सांगितलं तर तो खूशच झाला. “अगं, यासाठीच तर आणला! आता पाहुण्याच्या मुक्कामाची चिंताच मिटली.”

विठाबाई आली ती वायरची पिशवी घेऊन. पिशवीत दोन लुगडी, आधार कार्ड आणि कडीच्या डब्यात धपाटे. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर काळा चष्मा लावून ती खालच्या फळीवर आडवी झाली. धुरपताबाईनं स्वतःची वाकळ खाली फरशीवर घातली, आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी तिला कूस बदलता आली.

सकाळ झाली आणि रायरंदाचं दुसरं सोंग सुरू झालं.

“मावशी, जरा उठता का? सोफा करायचाय. हॉल आहे ना हा.” बुद्धप्रिया वाईट नव्हती, आवाजही गोड होता. विठाबाई उठून उशी घेऊन बसली. सोफ्यावर बसवेना, कारण तो पाठीत असा ताठ की माणसाला वाटावं आपण बँकेत नंबर लावून बसलोय. दुपारी जरा पाय लांब केले तर विनोदचे ऑफिसातले दोघे आले.

“मावशी, एक मिनिट हं. ह्यांना बेड करून दाखवतो.”

विठाबाई उठली. खळ्ळकन बेड झाला. “आता सोफा!” खळ्ळकन सोफा झाला. विठाबाई चष्मा सावरत भिंतीला उभी. ऑफिसातल्यांनी फळी ठोकून बघितली, खटका वाजवून बघितला, वजन किती पेलतं ते विचारलं. डोळा कसा आहे, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची उमाबाई आली, मग तिची जाऊबाई आली. प्रत्येकीला मावशी एक मिनिट. संध्याकाळी विठाबाईनं धुरपताबाईला जवळ बोलावलं.

“धुरपता, मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते.”

“येडी का खुळी? मळणी चालू हाय तिकडं. डोळ्यात भुसा गेला मंजे?”

“जाऊ दे गेला तर. तुझ्या घरी सोफ्याला पाव्हणे येऊन राहिले ग बाई. मी मधी कशाला?”

त्या रात्री धुरपताबाई ताटावरून तशीच उठली. मेलेल्या नवऱ्याच्या नावानं मिरवावं असं घर पोरानं घेतलं, औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. आणि त्या घरात विठाबाईला दोन दिवस पाठ टेकता येऊ नये! गावात जाऊन ती कुणाला काही सांगणार नाही, हे धुरपताबाईला ठाऊक होतं. तेच तर वाईट होतं.

पहाटे ती उठली. रीत म्हणून विठाबाईचा डबा रिकामा पाठवायचा नव्हता. कारळाची चटणी तिनं त्यात दाबून दाबून भरली, कडी लावली, डबा पिशवीत ठेवला. डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली मात्र काढून माठाशेजारी ठेवली. मग पिशवी हातात घेऊन ती हॉलमध्ये उभी राहिली. फ्लॅटात दडवायला जागा कुठं असते? कणगी नाही, गंजी नाही, माळा नाही. खालच्या फळीच्या मागं एक पोकळी होती. तिथं पिशवी बरोबर मावली. तिच्या मनात एवढंच होतं. पुढचं त्या वस्तूनं आपण होऊन केलं.

विठाबाई तोंड धुऊन, पदर खोचून तयार झाली. “माझी पिशवी कुठं हाय?”

“मला काय म्हाईत?” धुरपताबाई म्हणाली.

विठाबाईनं स्वयंपाकघरात बघितलं, गॅलरीत बघितलं. मग आली आणि एका डोळ्यानं धुरपताबाईच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली.

“आधार कार्ड त्याच्यात हाय. ते दाखवल्याबिगर कंडक्टर फुकट नेईल का?”

“न्हाई नेणार.”

“बरं,” विठाबाई म्हणाली आणि खाली वाकळेवर बसली. “मग घावंपत्तर ऱ्हाते.”

तेवढ्यात बेल वाजली. विनोदचे साहेब, शिवशंकर सर, बायकोला घेऊन आले होते. त्यांना तसाच सोफा घ्यायचा होता. विनोदनं इस्त्रीचा सदरा घातला होता. “या सर, बरोबर वेळेला आलात. आत्ता बेड आहे. आता बघा, एक मिनिटात सोफा.”

त्यानं खटका दाबला, वरची फळी ओढली. ती अर्ध्यात आली, तिचे लोखंडी हात मागच्या पोकळीत शिरले आणि कर्रर्र करून थांबले. विनोदनं जोर लावला. फळी खाली येईना. वर ढकलली, वर जाईना. खटका मोडून हातात आला.

“नवीन आहे ना सर,” विनोद म्हणाला, “जरा बसायला वेळ लागतो.”

“बसायला कुठं?” साहेबांच्या बायकोनं विचारलं. तिनं ते साधेपणानं विचारलं होतं, म्हणूनच फार झोंबलं.

ती वस्तू भिंतीला अशी तिरकी अडकून बसली होती की तिच्यावर बसताही येईना आणि निजताही येईना. बुजगावण्यासारखे हात पसरून नुसती उभी. धुरपताबाईनं सतरंजी अंथरली. “बसा सायेब. बसा बाई.” साहेब मांडी घालून बसले, चहा प्यायले आणि विठाबाईचा डोळा कसा आहे ते त्यांनी विचारलं. सोफा बघायला आलेल्यांत ते विचारणारे तेच पहिले.

विनोदनं नांदेडला फोन लावला. दुकानदारानं सांगितलं, दिवाळीची गर्दी आहे, माणूस पुढच्या आठवड्यात येईल. तोवर हात लावू नका.

मग त्या घरात हॉल राहिला नाही. विठाबाई, धुरपताबाई आणि लुंबिनी, तिघींच्या वाकळी फरशीवर एका रांगेत पडल्या आणि दिवसाही पडून राहिल्या. कुणाला कुणी उठवेना, कारण दाखवायला काही उरलं नव्हतं. लुंबिनी पालथी पडून अभ्यास करायची आणि मधूनमधून उठून विठाबाईच्या डोळ्यात औषध घालायची. “वर असताना नुसता पंखाच फिरायचा ग आजी, आता मी पण फिरते,” ती एकदा लोळत म्हणाली. शेजारणी यायच्या, तिरक्या सोफ्याकडं बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या आणि खाली बसून विठाबाईशी गावाकडच्या गप्पा करायच्या. बुद्धप्रियानं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचीही पाठ दुखली आणि तीही रांगेत येऊन पडली.

डोळा दाखवून झाला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. काळा चष्मा उतरवून विठाबाई घरी आली आणि दारातूनच आत बघत उभी राहिली.

“धुरपता, हे काय हाय ग?”

“ह्यालाच सोफा म्हणतेत.”

“माय माय! मला वाटलं, डोळ्यामुळं वाकडं दिसून राहिलं.”

नांदेडचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्यानं मागून दोन बोल्ट ढिले केले, हात घातला आणि वायरची पिशवी बाहेर ओढली. आतल्या डब्याला चांगला पोचा आला होता, पण कडी उघडली नव्हती. चटणी सांडली नव्हती.

विनोद पिशवीकडं बघत राहिला. मग आईकडं. “माय... तू?”

विठाबाई पदरात तोंड घालून हसत होती. हसता हसता तिनं डोळा पुसला, तोच, ऑपरेशनचा.

“पुसू नको, डॉक्टरनं सांगितलंय,” धुरपताबाई तिच्यावर ओरडली. मग पोराकडं वळली. “मला काय इचारतो? तूच म्हणला होतास न्हवं, पाव्हण्याच्या मुक्कामाची सोय करतंय म्हणून? केली की त्येनं. आजवर एवढं एकच काम नीट केलं बिचाऱ्यानं.”