गोठ्याखालचं चिलखत

"थांबा भावजी. कुदळ मारू नका," म्हणत गुलीझार चरात उतरली.

तिच्या दिराने, बायरामने, कुदळ बाजूला टेकवली. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने गुलीझारचा गोठा बसला होता. त्याचा नवा पाया खणायला तो सकाळपासून राबत होता. गुलीझारने बोटांनी माती सारली. खाली लोखंडाच्या पट्ट्या होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढलेल्या आणि गंजून एकमेकींना चिकटलेल्या. कडेला बारीक भोकं होती.

ते काय आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. आमचं गावच रोमन सैन्याच्या किल्ल्यावर वसलं आहे. ओढ्यापलीकडे दर उन्हाळ्यात उत्खनन चालतं आणि नवरा गेल्यापासून गुलीझार तिथे माती चाळायला जाते. मागच्या वर्षी अशाच पट्ट्या निघाल्या, तेव्हा खोदकामाच्या प्रमुख निलुफरबाईंनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवल्या होत्या. सैनिकाचं चिलखत, म्हणाल्या होत्या.

"कुणी बघितलेलं नाही. माती ओढून टाकतो," बायराम म्हणाला.

"बाईंना सांगायला पाहिजे."

"सांग की. उद्या इथं दोरी बांधतील, मग एक खिळा ठोकून दाखव. बर्फ पडल्यावर तीन गाई काय पलंगावर बांधणार आहेस?"

गुलीझारने सुटे झालेले तुकडे फडक्यात गुंडाळून घरात नेले. बाकीचे मातीतच राहिले. बायराम दुसऱ्या टोकाने खणू लागला. शुक्रवारी काँक्रीट ओतायचं ठरलं होतं.

तुकडे तिने चीजच्या रिकाम्या डब्यात घालून थंड खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर लोखंडाला घामासारखे तांबूस थेंब सुटले होते आणि तळाशी कपच्या पडल्या होत्या. तिने ओली माती पसरून बघितली, मग ती काढून कोरडं फडकं घातलं. काही केलं तरी कपच्या वाढतच होत्या. खोदकामावर निलुफरबाईंनी नुसती हाक मारली तरी तिच्या हातातली चाळणी निसटायची.

बुधवारी तर बाईच तिच्या दारात आल्या. नेहमीसारख्या पायरीवर बसून ताक प्यायल्या.

"गोठा कुठवर आला?" त्यांनी सहज विचारलं.

"येतोय," गुलीझार म्हणाली.

"बर्फाच्या आधी होऊ दे बाई. मला तुमचीच काळजी लागली होती."

हे तिने मला शुक्रवारी सकाळी सांगितलं. मी तिची शेजारीण, आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण. ती कुंपणाशी उभी होती, तोंड उतरलेलं. पलीकडे बायरामने काँक्रीटचं यंत्र सुरू केलं होतं.

"मला झोप नाही गं," ती म्हणाली. "घरात आजारी माणूस दडवून ठेवलाय आणि डॉक्टर शेजारीच राहतो, असं झालंय."

"गप्प बस. मी असते तर गप्प बसले असते," मी म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

तिने मान डोलावली आणि आत गेली. परत आली ती डबा छातीशी धरूनच. तशीच ओढ्याच्या दिशेने चालू लागली. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेले.

निलुफरबाईंनी झाकण उघडलं. "कधी निघालं?"

"सोमवारी."

"सोमवारीच आणलं असतंत तर..." त्यांनी झाकण लावलं. "अजून आहे का खाली?"

"आहे. आता त्याच्यावर काँक्रीट पडेल."

बाई पळतच निघाल्या. बायरामने पहिलं घमेलं उचललं होतं, ते त्यांनी हात आडवा धरून थांबवलं. त्याने घमेलं तिथेच आपटलं आणि भावजयीकडे बघितलंही नाही.

संध्याकाळपर्यंत चराभोवती दोरी लागली. आठवडाभर बाई आणि त्यांची माणसं तिथे पालथी पडून काम करत होती. खांद्याचा आणि छातीचा भाग मातीच्या ढेकळासकट अखंड निघाला. डब्यातल्या तुकड्यांपैकी थोडेच वाचले.

जाताना निलुफरबाई गुलीझारजवळ थांबल्या. "काम मला थांबवावंच लागणार, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"म्हणून तर शुक्रवार उजाडला," गुलीझार म्हणाली.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. इथे आता बांधता येणार नाही, गोठ्याला दुसरीकडे जागा मिळावी म्हणून खटपट करते म्हणाल्या, आणि त्यांनी केलीही असेल. पण आमच्याकडे हिवाळा कुणासाठी थांबत नाही. बायरामने बोलणं टाकलं. चहाच्या दुकानात लोक तिला 'रोमन लोकांची सून' म्हणू लागले. मी माझ्या नवऱ्याशी दोन दिवस भांडून आमच्या गोठ्यात तीन गाईंची जागा केली.

पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी मी दार उघडून वाट बघत होते. गुलीझार गाई घेऊन उतारावरून येत होती. तिच्या फाटकाशी पुढची गाय सवयीने वळली, आत शिरली आणि पत्रे टाकून झाकलेल्या खड्ड्यासमोर उभी राहिली. बाकीच्या दोघी तिच्यामागे. मला वाटलं, आता ही काठी उगारेल. गुलीझारने गाईच्या पाठीवरचा बर्फ हाताने झटकला आणि तिथेच तिच्या शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने गाय आपणहून वळली, तेव्हा ती तिच्या मागून आमच्याकडे आली.