मांदेलीचं पाचवं नख

मी एक जुनं नख आहे. हसू नका मित्रांनो! नखाला कसली आलीय कहाणी, असंच म्हणाल ना? पण मी साधंसुधं नख नव्हे. मांदेलीच्या पुढच्या उजव्या पायाचं, आतल्या अंगाला जरा वर बसलेलं पाचवं नख आहे मी. तुमच्या हाताचा अंगठा असतो ना, अगदी तसं.

मांदेली ही मनोरीच्या कोळीवाड्यातली कारवान जातीची शिकारी कुत्री. पिल्लू असतानाच इतकी सडपातळ, की तिच्या मालकिणीने, पुतळाबाईंनी, तिला त्या बारक्या मासळीचं नाव देऊन टाकलं. तिचे वाडवडील माळरानावर सशांमागे धावायचे म्हणे. इथे कुठले आले ससे? ती बोंबील सुकवायच्या बांबूंखाली घुशींमागे धावते. आणि धावते कशी, विचारू नका! गर्रकन वळताना तिचं मनगट खाली टेकतं, तेव्हा मी वाळूत रुतून तिला सावरतो. माशाचं डोकं खाताना ते धरून ठेवायचं कामही माझंच. "बघ रे कृणाल, कशी माणसासारखी धरून खाते!" पुतळाबाई मुलाला कौतुकाने दाखवायच्या. मला केवढी ऐट वाटायची तेव्हा!

पण माझी एक गोची आहे. बाकीची नखं जमिनीवर घासून झिजतात. मी पडलो वर, मला कुणीतरी कापायला हवं. कृणाल होडी आणि बाजार यांत इतका गुंतलेला, की माझ्याकडे बघायला वेळ कुणाला? मी आपला वाढत गेलो आणि गळासारखा वाकडा झालो. अंगणात पसरलेल्या जाळ्यात एकदा अडकलो, तेव्हा थोडक्यात निभावलं. दुसऱ्यांदा अडकलो आणि मांदेलीने असा हिसका दिला, की माझं टोकच तुटलं. ती कळवळून ओरडली. रक्त बघून कृणालचं तोंड उतरलं.

"बास झालं, आये. हे नख मुळासकट काढूनच टाकतो. शिकारी कुत्र्यांचं काढतातच म्हणे लोक."

"अरे बाला, बोट आहे ते तिचं!"

"आणि परत अडकलं तर? तिचं रडणं मला नाय बघवत."

त्याची मायाच बोलत होती हो, कळत होतं मला. पण माझं मात्र धाबं दणाणलं.

बोटीने मार्वे आणि तिथून रिक्षाने आम्ही मालाडच्या दवाखान्यात गेलो. निधी डॉक्टरांनी मला हलकेच हलवून पाहिलं. "काही कुत्र्यांच्या मागच्या पायाला नुसतं कातडीवर लोंबणारं नख असतं. ते सारखं अडकत असेल तर काढतात. हे तसं नाही. याला आत हाड आहे, ते कामाचं आहे. शेवटचं कधी कापलं होतं?"

कृणाल मान खाली घालून म्हणाला, "कधीच नाही."

"मग आधी कापत चला. टोक तुटलंय, तेवढी जखम बरी होईल. तरी काढायचंच असेल, तर विचार करून सांगा."

"पण डॉक्टर, परत तुटलं तर?" कृणालला काही राहवेना.

तेवढ्यात जखम धुवायला डॉक्टरांनी औषध हातात घेतलं आणि मांदेली घाबरली. तिने दोन्ही पंजांनी कृणालचा हात कवटाळला. मी ठणकत होतो, तरी त्याच्या मनगटात घट्ट रुतलो. मला त्याला दुखवायचं नव्हतं, मित्रांनो. मला फक्त त्याला सोडायचं नव्हतं.

कृणालने हात हलवला नाही. तिने त्याला कशाने धरलंय, ते तो बघत होता. मग म्हणाला, "राहू दे डॉक्टर. कापायचं कसं, तेवढं शिकवा मला."

आता तो मला वेळच्या वेळी कापतो. मांदेली नाटकं करते आणि पुतळाबाई तिला सुकटीची लाच देतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल, तर आज त्याचा पुढचा पाय हातात घ्या आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. माझा एखादा भाऊ तिथे गुपचूप वाढत असेल. काढायचं की ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा. पण तुम्ही कापायला विसरलात म्हणून त्याला शिक्षा करू नका. घाबरलेल्या मुक्या जिवाला तुमचा हात धरायला तो लागतो.