हातावर ठेवलेली भाकरी

माजलगावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक हरिबा वादात कुणाला ऐकत नसत. ‘संवादाच्या नावाखाली सत्याचा लिलाव’ हा त्यांचा लेख मंडळीच्या मासिकात आला, तेव्हा तो आपल्यावरच आहे हे सत्यशीलेनं ओळखलं. पुण्याला धर्मशास्त्र शिकून आलेल्या या पोरीनं सिरसाळ्याजवळ एका पत्र्याच्या शेडात नव्याच वळणाची उपासना मांडली होती. व्यासपीठ नाही, उपदेश नाही. गोल बसायचं, शंका विचारायच्या, उत्तर सापडलं नाही तरी घाबरायचं नाही. बाप्तिस्मा झालेला असो नसो, कुणीही यावं. अशा उदयोन्मुख मंडळ्या जगभर निघाल्यात, असं ती म्हणायची. जगभर डेंग्यूही निघालाय, असं हरिबा म्हणायचे.

शेवटी मंडळीच्या कमिटीनं ही उपासना तपासायला हरिबांनाच पाठवलं. त्यांनी होकार दिला तर शेड मंडळीत धरायची, नकार दिला तर सत्यशीलेला नारळ. आणि नकार तर ते घरूनच घेऊन निघाले होते.

रविवारी दुपारी ते पोचले. खुर्ची मागितली, तर तिथं खुर्चीच नव्हती. कुरकुरत सतरंजीवर बसले. शेजारी मेंढ्या राखणारी चतुराबाई, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून.

“ही कशाला येते गं?” त्यांनी सत्यशीलेला हळूच विचारलं.

चतुराबाईचे कान तिखट. “हितं मला निवांत बसू देतेत, बाबा. घरी कोन बसू देतंय?”

लोक हसले. हरिबा मात्र मुद्द्यावर आले. “सत्य ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं, तर मरणाऱ्या माणसानं धरायचं काय?”

“ती भीती मलाबी हाय, बाबा,” सत्यशीला म्हणाली. “रोज हाय.”

हरिबांना भांडण हवं होतं. मिळाली कबुली.

मग प्रभुभोजन निघालं, येशूच्या आठवणीत भाकर मोडून खायचा विधी. पाव नाही, ज्वारीची भाकरी. वाटणारा पाळकही नाही. प्रत्येकानं तुकडा मोडून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचा. भाकरी फिरत फिरत चतुराबाईकडे आली; आता ती हरिबांच्या हातावर ठेवणार. बाप्तिस्मा न झालेल्या हातातून प्रभुभोजन! घेतलं तर स्वतःचा लेख खोटा. नाकारलं तर या बाईच्या तोंडावर दार लावल्यासारखं.

त्यांना बाप आठवला. याच मुलखात त्यांचा बाप दारोदार ओंजळ पसरायचा, आणि शिवाशिव नको म्हणून भाकरी वरून टाकली जायची. कधी ती ओंजळीत पडायची, कधी मातीत. त्याच बापाचा मुलगा पाळक झाला. त्यानं आयुष्यभर लोकांच्या हातांवर भाकर ठेवली आणि सगळ्यांचं झाल्यावर आपला तुकडा आपल्याच हातानं उचलला. त्याच्या हातावर कुणी कधी ठेवलाच नाही.

चतुराबाईनं तुकडा मोडला. एका हातानं त्यांचा तळवा खालून धरला, दुसऱ्या हातानं भाकरी ठेवली आणि पडू नये म्हणून बोटांनी दाबली. “घ्या बाबा. तुमच्यासाठी मोडली.”

हरिबांच्या अंगावर सरसरून काटा आला. देव जवळ आहे, असं ते जन्मभर सांगत आले होते. आज तो खरोखरच इतका जवळ आला की ते घाबरले. डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी भाकरी खाल्ली.

सत्यशीला त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली. “कमिटीला काय सांगनार, बाबा?”

“तुझं चुकतंय, हेच.”

तिचा चेहरा उतरला.

“आन् शेड चालू ठिवा, हेबी सांगनार. बंद पाडली तर मी दर रविवारी भांडायला कुठं येऊ?” ते दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. “मला चतुराबाईशेजारीच जागा धर गं. माझा बाप असता, तर त्यालाबी आनला असता.”