पाठांतर

डॉक्टरीणबाईंनी मयुरेशला पाच शब्द सांगितले होते. छत्री, पूल, लोणी, घोडा, खिडकी. जर्मनमध्ये, सावकाश, एकेका शब्दानंतर थांबून. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "हेर मोघे," म्हणजे श्रीयुत मोघे, "आता ते पाच शब्द पुन्हा सांगा बघू."

मयुरेश सावरून बसला. चेहरा खुलला. "पेन्सिल, हनी, टनेल, लॅडर, गूस," तो म्हणाला. इंग्रजीत, एका दमात, वर्गात बाईंनी पाढा विचारल्यावर हुशार मुलं म्हणतात तसं.

फ्राऊ डॉक्टर एबरले यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे माझे शब्द नाहीत. हे कुठले आहेत?"

"कुठले म्हणजे?" मयुरेश माझ्याकडे वळला. "बाबा, बरोबर आहेत ना?"

एकोणचाळीस वर्षांचा, एकशे दहा किलोचा, पैलवानासारखे मोडलेले कान असलेला माझा मुलगा मला विचारत होता. ते शब्द कुठले हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मीच ते त्याच्याकडून पाठ करून घेतले होते.

मयुरेश व्यवसायानं रग्बी खेळाडू होता. पुण्यात हे वाक्य उच्चारलं की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. "म्हणजे ते हेल्मेटवालं का?" "नाही, ते अमेरिकेतलं. ह्यात हेल्मेट नसतं." "अगं बाई, मग लागत नाही?" लागतं. रग्बी लीग हा तेरा-तेरा जणांचा खेळ, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावांना त्याचं वेड. चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात पळणारे आणि पेपरात फोटो येणारे वेगळे. मयुरेश पुढच्या फळीतला, फॉरवर्ड. त्याचं काम म्हणजे चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या दांडगोबांत सरळ घुसायचं. पडायचं, उठायचं. चेंडू त्यांच्याकडे गेला की त्यांना तसंच पाडायचं. एका सामन्यात हे चाळीसेक वेळा तरी होई.

ब्याण्णव साली मी जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात प्लॅनिंगमध्ये लागलो तेव्हा तो सहा वर्षांचा होता. अभ्यासात त्याचं कधीच लक्ष नव्हतं. मी त्र्याहत्तर सालच्या बोर्डाच्या यादीत आलेला माणूस, आणि माझ्या मुलाला तेराचा पाढा शेवटपर्यंत आला नाही. आमच्या घरात याचं दुःख सुतकासारखं पाळलं गेलं, हे मी कबूल करतो. मग स्टुटगार्टच्या एका क्लबात त्याला रग्बी सापडलं. एकोणिसाव्या वर्षी कुठला तरी कोर्स करायला म्हणून यॉर्कशरला गेला, कोर्स अर्धा राहिला आणि खेळाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं.

चौदा वर्षं, तीन क्लब, दोनशे अकरा सामने. चेंडू रेषेपलीकडे नेऊन स्वतः गुण मिळवले ते फक्त चार वेळा. कप नाही, पदक नाही. सामना संपला की कुंपणाशी उभे असलेले म्हातारे "वेल डन, मोगी" म्हणायचे, आणि तो दर वेळी थांबून त्यांच्याशी हात मिळवायचा. मी वर्षातून दोनदा जायचो. ऊर्मिला, म्हणजे माझी बायको, एकदाच आली आणि पूर्ण वेळ बाहेर गाडीत बसून राहिली.

मुलगा इंजिनिअर झाला असता तर मी त्याला चार गोष्टी सांगितल्या असत्या. ह्याला काय सांगणार? फोनवर आमचं बोलणं हवामानापाशी संपायचं.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी त्याचा फोन आला.

"बाबा, काल डोक्याला लागलं. मंगळवारी टेस्ट आहे. फेल झालो तर तीन आठवडे बाहेर."

"मग बस की बाहेर."

"ऑक्टोबरला कॉन्ट्रॅक्ट संपतंय. माझ्या जागेवर एक एकोणीस वर्षांचा पोरगा तयार करून ठेवलाय त्यांनी. आल्झो," त्याचं ते नेहमीचं जर्मन 'तर मग', "तीन आठवडे बसलो तर कायमचा बसलो."

"टेस्टमध्ये विचारतात काय?"

"पाच शब्द सांगतात, मग थोड्या वेळानं परत विचारतात. महिने उलटे म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे."

परीक्षा हा शब्द ऐकल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याच दिवशी मी इंटरनेटवर तो फॉर्म शोधून काढला. शब्दांच्या सगळ्या याद्या त्यात छापलेल्या होत्या, फक्त सहा. पेपर फोडायचीही गरज नव्हती. संध्याकाळी व्हिडिओवर त्याला समोर बसवला.

"पहिला शब्द नीट ऐकायचा. त्यावरून यादी ओळखायची. पेन्सिल आलं की पुढे?"

"हनी, टनेल... बाबा, डोकं दुखतंय."

"दुखू दे. पेन्सिल, हनी, टनेल, लॅडर, गूस. पुन्हा म्हण."

ऊर्मिला कणीक मळता मळता तशीच बाहेर आली. "अहो, मार कुठे लागलाय आणि औषध कुठे लावताय?"

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी त्याचा मेसेज आला, फुल मार्क्स. जन्मात पहिल्यांदा. मी ऊर्मिलेला क्वार्कचं, म्हणजे इकडच्या चक्क्याचं, श्रीखंड करायला लावलं. तिनं केलं, पण स्वतः खाल्लं नाही. पुढच्या सहा वर्षांत असं नऊ वेळा झालं. तो फोन करायचा, मी उजळणी घ्यायचो, तो पास व्हायचा आणि शनिवारी खेळायचा. त्या मंगळवारांइतका आनंद मला माझ्या मुलानं कधी दिला नव्हता. आज हे सांगताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

वीस साली त्याचं खेळणं संपलं. तीन वर्षं तिकडेच एका गोदामात काम केलं, मग परत आला तो बदलूनच. एकच गोष्ट तीनदा विचारायची. गॅस पेटता ठेवून फिरायला जायचं. चार वर्षांपूर्वी वारलेल्या काकाला पुण्याला फोन लावायचा आणि तो का उचलत नाही म्हणून चिडायचं. गेल्या महिन्यात बाजारातून घरी येताना वाट चुकला आणि कुणाच्या तरी बागेत बाकावर बसून राहिला. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, "आपण मंगळवारच्या टेस्टसाठी बोलायचो, आठवतं?" तो म्हणाला, "कसली टेस्ट?" आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

डॉक्टरीणबाई क्लबकडून आलेले कागद चाळत होत्या. "यात डोक्याच्या दोनच दुखापती आहेत. बाकी दर वेळी हे टेस्ट पास झालेत. दोनच असतील तर मी आधी नैराश्याचा विचार करीन. खेळ सुटला की पुष्कळ जणांना होतं. गोळ्या देऊन सहा महिने पाहू. नैराश्य बरं होतं."

बरं होतं. एवढे दोन शब्द उचलून घरी जावं असं मला वाटलं. ऊर्मिला दारातच उभी असणार होती. तिला ते दोन शब्द दिले असते.

"पण हे इंग्रजी शब्द मला कळत नाहीत," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही माहीत आहे?"

मयुरेशही माझ्याकडेच पाहत होता, अगदी विश्वासानं. तेहतीस वर्षं मी या देशात जर्मन बोलतोय, पण त्या दिवशी क्रियापदं सापडेनात. तरी सांगितलं. याद्या, रविवार, मंगळवार, सगळं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळा?"

"नऊ."

"आणि प्रत्येक वेळी लगेच शनिवारी खेळले?"

"हो."

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मयुरेशकडे वळून त्यांनी सावकाश सांगितलं की आणखी तपासण्या कराव्या लागतील, गाडी चालवायची नाही, घरी एकटं राहायचं नाही. "गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही, हेर मोघे. पुढचं सावकाश व्हावं एवढं पाहू."

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यानं मला थांबवलं. "नऊ वेळा म्हणजे काय, बाबा?"

मी मराठीत पुन्हा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटायचं मी बरा व्हायचो," तो म्हणाला. "दर वेळी. म्हणून तर खेळवायचे मला."

"मी शिकवत होतो तुला."

"मी सांगितलं होतं शिकवायला?"

"टेस्ट आहे म्हणून तूच फोन करायचास. पण मी बाप होतो. नको म्हणायला हवं होतं."

"डोकं माझं होतं, बाबा." त्याचा आवाज चढला. कॉरिडॉरमधले लोक वळून पाहू लागले. त्यानं मूठ आवळली, भिंतीवर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडे न पाहता चालू लागला. स्टेशनवर तो माझ्यापासून दोन बाकं सोडून उभा राहिला. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. निदान आता त्याच्यापासून लपवायला काही उरलं नव्हतं.

एस-बानमध्ये, म्हणजे इकडच्या लोकलमध्ये, चढल्यावर तो आधी दाराशी उभा होता. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर आला आणि माझ्या समोर बसला. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते. चेहऱ्यावर हसू होतं.

"दमलात ना, बाबा? आल्झो, काय म्हणाली डॉक्टर? पास झालो का मी?"

मला आधी वाटलं टोमणा मारतोय. मी नीट पाहिलं. टोमणा नव्हता. कॉरिडॉर त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

हो म्हणालो असतो तर त्याला कळलंही नसतं. डब्यात आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, मराठी समजणारं तर नाहीच. पण अशी फसवणूक मी नऊ वेळा केली होती. मी सांगितलं. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरताना पाहिला.

"डोकं माझं होतं, बाबा," तो म्हणाला. तेच शब्द, तोच आवाज. उठून पुन्हा दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. एका बाईनं त्याच्यासाठी आपली सायकल सरकवून घेतली. त्यानं तिला "डांके" म्हटलं. इतक्या रागातही तो आभार मानायला विसरला नाही.

रोर स्टेशननंतर गाडी जंगलात शिरते आणि बराच वेळ स्टेशन येत नाही. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. घरी जाऊन ऊर्मिलेला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

समोरची सीट करकरली. मयुरेश येऊन बसला होता. माझ्या मांडीवर थोपटत तो म्हणाला, "काय बाबा, एवढे गप्प? डॉक्टर काय म्हणाली ते सांगा ना."

मी त्याचा हात हातात घेतला.

"सांगतो," मी म्हणालो. "मंगळवारी तुझी टेस्ट असायची..."