धरणात गेलेलं वडनेर

"आता यात रडायचं काय?" जयप्रकाश सुरुचीच्या कानाशी पुटपुटला. ती कागदी रुमालाने डोळे पुसत होती. समोर निळ्या ताडपत्रीवर, फुललेल्या चेरीखाली, ऑफिसातले कान्नो-सान काउबॉयची रुंद हॅट घालून गिटारवर गात होते. चाल अमेरिकन कंट्री म्युझिकची, शब्द जपानी, आणि गाव त्यांचं स्वतःचं. फुकुशिमातलं, एक भातगिरणी आणि एकच न्हावी असलेलं, दुपारी रेल्वे फाटकाशी पेंगणारं. भूकंपानंतर अणुभट्टी फुटली आणि ते रिकामं करावं लागलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

गाणं संपलं. मॅनेजरबाईंनीसुद्धा नाक पुसलं.

"किती गोड गाव असेल रे!" सुरुची म्हणाली.

झालं! जयप्रकाशच्या अंगाचा तिळपापड झाला. गोड म्हणे! वडनेरलाही न्हावी एकच, गिरणी एकच, आणि आमचा एसटी स्टँड तर त्या कान्नोच्या फाटकापेक्षा जास्त पेंगतो. पण पुण्याच्या या बाईने लग्न झाल्यापासून तिथे कधी सलग तीन रात्री काढल्या नाहीत. डास काय, लाइट काय, संडास लांब काय! आणि ऑफिसात तरी इतक्या वर्षांत कुणी विचारलं, की बाबा रे, तुझं गाव कसं आहे? कान्नोचं गाव गेलं, तर सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. माणसाला कशाचा हेवा वाटेल, काही नेम नाही. याला चक्क दुसऱ्याच्या उजाड गावाचा वाटला.

"तुमचं गाव कुठलं, जयप्रकाश-सान?" कान्नोंनीच विचारलं.

"वडनेर. पण आता नाही ते," तो बोलून गेला. "धरणात गेलं. सगळंच्या सगळं पाण्याखाली."

मग एकेक जण सरकून जवळ आला. बाजार कधी भरायचा, शाळा कुठे होती, न्हाव्याचं नाव काय, आणि हा गडी सांगत सुटला. कान्नोंनी गुडघ्यांवर बसून त्याला वाकून नमस्कार केला. जपानात आल्यापासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

फुनाबोरीला घरी परतताना सुरुचीचा पारा चढला. "लाज नाही वाटली? तिकडे वडनेरला बाबा अंगणात शेंगा वाळत घालतायत आणि तू गाव बुडवून मोकळा!"

"मग? उभ्या गावासाठी तू कधी डोळे पुसलेस?"

ती भराभर पुढे चालू लागली. बरी जिरवली, असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी कान्नो-सान दारात हजर. काळा सूट, हातात उदबत्त्यांची पेटी.

"मला निदान परवानगी काढून, पांढरा संरक्षक पोशाख चढवून घरात डोकावता तरी येतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला तेवढंही नाही. आणि मी तुमच्यासमोर माझंच रडगाणं गात बसलो. माफ करा. तुमचं गाव कुठल्या दिशेला?"

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाने आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून यावं, आणि त्याला सांगायचं काय? जयप्रकाशने पश्चिमेच्या खिडकीकडे बोट केलं. कान्नोंनी उदबत्ती लावली, डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बाबा. कान्नोंनी डोळे उघडले. जयप्रकाशने कॉल कट केला.

"कुणी नाही," तो म्हणाला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी सुरुचीने तो उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली. जयप्रकाश खिडकीकडे तोंड करून कान्नोंच्या शेजारी बसला आणि त्यानेही हात जोडले. आतून सुरुचीचा आवाज येत होता.

"हो बाबा, आम्ही सगळे मजेत. तो ना... तो जरा पूजेला बसलाय."