राखणीचा मचवा

मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष काळूराम यानं अर्नाळ्याच्या सभेत नव्या वर्षाचं अंदाजपत्रक वाचलं, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा राखणीला होता. बाहेरचे ट्रॉलर गावाची जाळी फाडून नेत, अडवायला जावं तर बाटल्या फेकून मारत. एकाचा डोळा त्यातच गेला होता. म्हणून काळूरामला वेगवान मचवा हवा होता, त्यावर फुलपाड्याच्या जिममधली पगारी पोरं हवी होती. हे पैशात बसावं म्हणून त्यानं बर्फाच्या खोलीची दुरुस्ती कापली, आणि बुडत्याला आणायला धावणाऱ्या होडीचं इंजिन काढून राखणीच्या मचव्याला लावायचं मांडलं.

जयवंती उठली. तिचा नवरा हिवाळ्यात समुद्रात बुडून गेला होता. त्याच होडीनं त्याला आणलं, म्हणून तोंड तरी पाहायला मिळालं. आता तिच्या नावेवर एकुलता मुलगा जितेश जायचा, संगती दीर कृष्णा.

"काळूदादा, राखन ठेवा," ती म्हणाली. "पन मानूस पान्यात पडला तर त्याला आनायला काय ठेवलं?"

"वयनी, मारनाराच उरला नाय, तर पडल कोन?"

सभा हसली. कृष्णानं टेबल उलथवलं. खुर्च्या उडाल्या, काळूरामचा ओठ फाटला, कृष्णाचा दात गेला. त्याच गदारोळात हात वर झाले आणि अंदाजपत्रक मंजूर झालं. वर गेलेल्या काही हातांच्या मुठी अजून सुटल्या नव्हत्या.

गावात घराघराचा रंग ठरलेला. जाळ्याच्या तरंगत्या बोयावर काठी, काठीला त्या घराचा बावटा. कुणाचा शेंदरी, कुणाचा मोरपंखी, जयवंतीचा हळदीचा पिवळा. पण ज्या घरचा माणूस गेला, ते घर वर्ष सरेपर्यंत रंग लावत नाही. उघडी काठी लाटेवर डुलत राहते, आणि शेजारून जाणारी नाव आपलं इंजिन हळू करते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. काळूरामनंही शिकवलं नाही. त्यानं पोरांकडून सगळे रंग पाठ करून घेतले आणि बजावलं, की ज्याला रंग नाही तो परका.

पहाटेच्या धुक्यात जितेश आणि कृष्णा उघड्या काठीपाशी जाळं ओढत होते. राखणीचा मचवा आला आणि थेट नावेवर आदळला. जितेश ओरडून घराचं नाव सांगत होता, पण इंजिनाच्या आवाजात पोरांना ती शिवीच वाटली. लोखंडी सळई आधी कृष्णाच्या दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दुसरी जितेशच्या कानावर. तो पाण्यात जाळ्याच्या दोरांत पडला, पाय गुंतले, ओहोटीनं दोर ताणले. पाणी लाल झालेलं पाहून पोरं घाबरली आणि मचवा वळवून किनाऱ्याकडे पळाली. कृष्णानं धड हातानं पुतण्याचे केस धरले, दातांनी खिशातला फोन ओढून जयवंतीला लावला.

किनाऱ्यावर जयवंती आणि तिची जाऊ जिजा यांनी जुन्या सवयीनं बुडत्यांची होडी पाण्यात लोटली. मागे पाहिलं, तर इंजिनाच्या जागी नुसती फळी.

एवढ्यात मचवा आला. काळूराम वाळूतच उभा होता. कुणाला हाणलंत, म्हणून त्यानं विचारलं. पोरं म्हणाली, झेंडा नव्हता. काळूरामचा चेहरा उतरला. त्यानं सळईवाल्याची मान धरून त्याचं तोंड मचव्याच्या काठावर आपटलं, एकदा, पुन्हा, दात वाळूत पडेपर्यंत. जयवंती तोवर मागच्या टोकाकडून छातीभर पाण्यातून मचव्यात चढली होती, मागोमाग जिजा. तिनं काळूरामला एवढंच सांगितलं, की हे मागून कर, आधी चालव. पोरांना वाळूत सोडून त्यानं मचवा उघड्या काठीकडे हाकला.

कृष्णाची बोटं केसांतच आखडली होती. लाट जितेशच्या तोंडावरून जायची, यायची, जायची. जयवंतीनं मासळीच्या कोयत्यानं दोर तोडले. पोर वर आलं ते भिजल्या शिडासारखं, मान इकडे सोडली तर तिकडे. जिजा त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिली.

काळूराम मचव्याच्या काठाला टेकून रडत होता. "वयनी, पुढच्या सालाला पयलं होडीचं इंजिन मांडतो. सगल्यात वर मांडतो."

जयवंतीनं त्याच्या मानेवर हात ठेवला, जणू समजूत घालायला. मग सगळा भार टाकून त्याचं डोकं समुद्रात दाबलं. त्याचे पाय फळ्यांवर आपटू लागले. कृष्णानं पाहिलं आणि पुन्हा पुतण्याकडे मान वळवली. ती कुजबुजत होती, जितेशला पाळण्यात झोपवताना कुजबुजायची तसं: पी माझ्या राजा, पी, सगलं पानी तुझंच हाय. बुडबुडे आले. मग कमी आले.

मागे जितेशच्या घशातून घरघर झाली आणि तो पाणी ओकला.

तिचे हात सुटले. काळूराम वर आला, काठावर लोंबकळत श्वासासाठी ओरडू लागला. मचव्यात दोघंही खोकत होते. जयवंतीनं पदरानं एकाचंच तोंड पुसलं, आणि जिजाला म्हणाली, किनाऱ्याकडं घे.