तेवीस दिवस

गोदाम सांभाळणाऱ्या कोठीवाल्यांनी पोत्याच्या पोटात नमुना काढायची पितळी नळी खुपसली, अर्धा वळसा देऊन बाहेर ओढली आणि खोबणीत आलेले गव्हाचे दाणे तळहातावर घेतले. आधी वास घेतला. मग एक दाणा दाताखाली फोडला. कट्‌कन आवाज आला. दाणा कोरडा होता.

"काका, आत येऊ का? मी पत्र पाठवलं होतं."

दारात पाठीला पिशवी अडकवलेली तिशीतली बाई उभी होती. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लढायांनी आणि उपासमारीने किती माणसं मेली, याचा ती अभ्यास करत होती. दुष्काळाच्या सालचं वाटप-रजिस्टर बघायला मिळेल का, असं तिने पत्रात विचारलं होतं.

"या. रजिस्टर काढून ठेवलंय," कोठीवाले म्हणाले. "पण आधीच सांगतो, त्यात माझं कौतुक नाही."

हे सरकारी गोदाम अडीअडचणीच्या काळासाठी होतं. जुनं धान्य काढायचं, नवं भरायचं, कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्प्यांना धुरी द्यायची, आणि यातलं काही कुणाला लागू नये अशी आशा करायची. एकतीस वर्षं कोठीवाल्यांनी हेच केलं. गावातले लोक त्यांना गमतीने 'उंदरांचे साहेब' म्हणत. गोदाम खऱ्या अर्थाने उघडायची वेळ एकदाच आली होती, सव्वीस वर्षांपूर्वी, आणि तीही त्यांच्या अंगाशी आली होती.

बाईने रजिस्टर उघडलं. वाटपाच्या पहिल्या पानावरच एक पिवळा पडलेला कागद डकवलेला होता. तिने तो हळू आवाजात वाचला.

"'लेखी आदेशाची वाट न पाहता साठा वाटला. या भागात एकही भूकबळी नोंदलेला नसताना अशी घाई अनाठायी होती.'"

"त्या ठपक्याने माझी बढती अडकली, ती अडकलीच," कोठीवाले म्हणाले. "तसं त्यांचंही खरं होतं. मेलं कुणीच नव्हतं."

"पण तुम्ही आदेशाआधी उघडलंत कशावरून?"

कोठीवाले थोडं ओशाळून हसले.

"झाडलोटीवरून. गोदाम झाडलं की माती आणि दाणे एकत्र निघतात. गावातल्या बायका ते कोंबड्यांसाठी मागून न्यायच्या. त्या साली आधी दोघी यायच्या, मग अकरा झाल्या, मग फाटकापर्यंत रांग. मला वाटलं, कोंबड्या वाढल्या असतील. घरी सहज बोललो, तर बायको म्हणाली, 'अहो, कोंबड्या कुठायत? महिना झाला, गावात कोंबडा आरवलेला ऐकलाय का तुम्ही?'" त्यांनी तळहातावरचे दाणे पोत्यात परत टाकले. "दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं. लेखी आदेश आला तो तेवीस दिवसांनी."

बाईने रजिस्टर मिटलं. मग तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि एका थप्पीवर ठेवला.

पडद्यावर एक रेघ होती. डावीकडे तिचे सुळके होते, एकापेक्षा एक उंच. काही लढायांचे, काही दुष्काळांचे. उजवीकडे येता येता ते बसके होत गेले होते. मधूनच एखादा वर डोकं काढत होता.

"ही सगळ्या जगाची रेघ आहे," ती म्हणाली. "माणसं कितीतरी पटींनी वाढली, तरी उपाशी मरणारी कमी झाली. थांबलेलं नाही काही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सांगितलं असतं, तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं."

मग तिने आणखी दोन रेघा काढल्या. या इथल्याच दोन खोऱ्यांच्या होत्या, एकेका खोऱ्याची एक. आपल्या खोऱ्याच्या रेघेवरच्या जुन्या सुळक्याकडे बघताच कोठीवाल्यांनी साल ओळखलं. त्यांनी पडद्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"यात माझी दोन भावंडं आहेत," ते म्हणाले. "मी नंतरचा. आई ताटात एक शीत राहू द्यायची नाही. ओरडायची नाही, नुसती ताटाकडे बघत बसायची."

बाईने रेघा पुढे सरकवल्या.

"आणि हे तुमचं दुष्काळाचं साल."

कोठीवाल्यांनी चष्मा वर-खाली केला. "इथे तर काहीच दिसत नाही."

"हो. तेच दाखवायला आलेय. इथे डोंगर असायला हवा होता, काका. पाऊस त्या जुन्या दुष्काळापेक्षाही कमी होता. शेजारच्या खोऱ्याची रेघ बघा. तेवढाच पाऊस, तसंच गोदाम, तेवढाच साठा. फक्त तिथे आदेश आल्यावर उघडलं."

शेजारच्या रेघेला एक उंचवटा होता. लहानसाच.

"किती?" कोठीवाल्यांनी विचारलं.

"नेहमीपेक्षा दोनशे बारा जास्त. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कुणी जुलाबाने, कुणी तापाने, अशाच नोंदी आहेत. 'भूक' असं कुणीच लिहिलेलं नाही."

कोठीवाले खालच्या पोत्यावर बसले. ते गोदाम त्यांच्या मित्राकडे होतं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. दाण्याचाही फरक चालायचा नाही म्हणून त्याला सगळे 'तराजू' म्हणत. कुलूप काढायच्या आधी कोठीवाल्यांनी त्याला फोन केला होता, 'मी उघडतोय, तूही उघड.' तो म्हणाला होता, 'आदेश येऊ दे.' त्याला शाबासकी मिळाली, बढतीही मिळाली. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला.

"पुढच्या महिन्यात मी हे सगळ्यांसमोर मांडणार आहे," बाई म्हणाली. "तुम्ही यायचं. ठपका मागे घ्यावा असा अर्जही मी लिहून आणलाय."

कोठीवाल्यांनी मान हलवली.

"आकडे जरूर मांडा. तेवीस दिवसांनी काय होतं, ते लोकांना कळायलाच हवं. पण नावं नकोत. तिथल्या माझ्या मित्राला बोलावू नका, त्याला ही रेघ दाखवू नका. एकटा असतो हो तो. माझं काय, ठपका कागदावर आहे. कागद पेलतो तो."

बाईने लॅपटॉप मिटला.

"काका, मला तुमच्याकडे त्यांनीच पाठवलंय."

कोठीवाल्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"त्यांच्याकडे एक शाळेची वही आहे. त्या दिवसांत त्यांच्या खोऱ्यात जी मुलं गेली, त्यांची नावं. घरोघरी जाऊन लिहिलेली, वयासकट. सव्वीस वर्षं कुणाला दाखवली नव्हती. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, 'पलीकडच्या खोऱ्यात जा. त्या माणसावर ठपका आहे, तो पुसता येतो का बघ.' अर्जही त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहून घेतला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कोठीवाल्यांनी अर्ज घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि ते उठले.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी आले तेव्हा बायको चादरी वाळत घालत होती.

"त्या साली तू कोंबड्यांचं विचारलंस," ते म्हणाले, "ते बरं केलंस. मी कधी बोललो नाही तुला."

ओल्या चादरीसकट बायको थांबली. "तब्येत बरी आहे ना? आज काय एकदम?"

"बरी आहे. पलीकडे जाऊन येतो."

तिने दोन्ही हात पुसले आणि त्यांची कॉलर नीट केली.

बसला दीड तास लागला. घाट उतरला की रस्त्यालगत शाळा होती. नुकतीच सुटली होती. पोरांचा एवढा लोंढा रस्त्यावर आला की ड्रायव्हरने बस थांबवली आणि इंजिनही बंद केलं. कोठीवाले खिडकीतून बघत राहिले. दप्तरं, धक्काबुक्की, कुणाच्या तरी हातात लोंबणारी चप्पल. सगळी गुटगुटीत होती असं नाही, पण होती. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "संपतायत की नाही?" कोठीवाले म्हणाले, "येऊ द्या हो. आपल्याला कसली घाई?"

तराजूने दार उघडलं. तो वाळला होता. पायरीवर कोण उभं आहे ते बघून त्याचा हात कडीवरच राहिला.

"आली होती का ती?"

"आली होती."

"सगळं दाखवलं?"

"सगळं."

तराजूने नजर खाली घेतली.  कोठीवाल्यांनी चपला काढल्या, त्याच्या चपलांशेजारी सरळ लावल्या आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला आत वळवलं.

"मग बोलू रे," ते म्हणाले. "सकाळपासून पोटात काही नाही. आधी जेवायला वाढ."